दिल्लीची जुनी गाडी नागपुरात आणायची तर

नेपाळ-भूतानमधून जुनी गाडी अर्ध्या किमतीत काढून देतो, असं कोणी सांगत असेल तर त्याचा चहा प्या आणि उठा. परदेशात वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, स्टेअरिंग उजवीकडेच हवं आणि ती उतरवायची फक्त मुंबई बंदरात. त्यावरचं सीमाशुल्कच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. नेपाळात तर तिथल्या करांमुळे आपल्याकडचीच गाडी आपल्यापेक्षा महाग पडते. भूतानहून आणून इथे खोट्या कागदांवर नोंदवलेल्या गाड्यांच्या संशयावरून सीमाशुल्क खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात 'नुमखोर' नावाची मोहीम काढली आणि लोकांच्या दारातून गाड्या उचलल्या.

बचत होते ती शेजारच्या राज्यातून, आणि त्या बाबतीत नागपूर मोक्याच्या जागी आहे. रायपूर तीनशे किलोमीटरच्या आत, हैदराबाद पाचशेच्या आसपास, दिल्ली साधारण अकराशे, छिंदवाडा-सिवनी तर दुपारच्या जेवणाला परत येण्याइतकं जवळ. त्यातही ओढा असतो दिल्लीकडे. तिथे दहा वर्षांच्या पुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ च्या आदेशांपासून टांगती तलवार आहे. म्हणून आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी तिथला मालक घाईने काढतो. महाराष्ट्रात तीच गाडी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षं चालते. मात्र नवा नंबर मिळाला म्हणून पंधरा वर्षं नव्याने सुरू होत नाहीत. आरसीवर जी मुदत आहे तीच राहते.

आधी टॅक्स, मग गाडी

सगळा खेळ इथे आहे. दिल्लीत भरलेला रोड टॅक्स महाराष्ट्रात चालत नाही, इथला वेगळा भरावा लागतो. आणि तो तुम्ही गाडी कितीला घेतली त्यावर नसतो, ती नवी असताना कितीची होती त्यावर असतो. वैयक्तिक नावावरच्या गाडीला महाराष्ट्रातले दर असे: पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२, त्यापुढे १३. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. कंपनीच्या नावावर घ्याल किंवा मूळची आयात गाडी असेल तर २० टक्के. गाडीच्या वयानुसार यातून रक्कम कमी होते, पण सुरुवात होते मूळ इनव्हॉइसपासूनच.

एक साधी पेट्रोल हॅचबॅक घ्या. नवी असताना साडेसात लाखांची, म्हणजे नव्या गाडीचा टॅक्स ८२,५०० रुपये. सहा-सात वर्षांच्या गाडीला त्याहून बराच कमी लागेल, तेव्हा दिल्लीतला भाव नागपूरपेक्षा लाखभर कमी असेल तर व्यवहार जमू शकतो. आता बावीस लाखांची डिझेल सेडान घ्या, जी दिल्लीत सहा लाखांना मिळतेय. पूर्ण टॅक्स ३,३०,००० रुपये. वयामुळे निम्माच धरला तरी १,६५,०००. सहा लाखांची गाडी साडेसात लाखांच्या वर गेली, आणि अजून ती निघालीही नाही. मोठ्या गाड्यांत लोक फसतात ते इथेच. भाव ऐकून डोळे चमकतात आणि इनव्हॉइस कोणी मागत नाही.

म्हणून पहिलं काम फोनवर करायचं. विकणाऱ्याकडून आरसीच्या दोन्ही बाजूंचा आणि मूळ इनव्हॉइसचा फोटो मागवा, तो घेऊन आपल्या आरटीओत जा आणि टॅक्सचा आकडा काढून घ्या. इनव्हॉइस हरवलं असेल तर ज्या शोरूममधून गाडी गेली तिथून प्रत काढायला विकणाऱ्यालाच सांगा.

टॅक्सवर आणखी हे धरा: दिल्लीहून येताना पेट्रोल आणि टोल मिळून दहा हजारांच्या आसपास, तुमचं जाण्याचं तिकीट, एजंट लावला तर त्याचे पैसे, नवा विमा, बहुतेक वेळा चार टायर आणि एक बॅटरी. सरकारी फी त्या मानाने किरकोळ. नोंदणीचे ६००, नाव बदलाचे ३००, स्मार्ट कार्डाचे २००, आणि कर्जावर घेतली तर बोजा चढवायचे १,५००. ही सगळी बेरीज करूनही वर्धा रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या लॉटपेक्षा पन्नास हजारांनी स्वस्त पडत नसेल तर नागपुरातलीच एमएच-३१ पासिंगची गाडी घ्या. पुढे विकताना बाहेरून आलेल्या गाडीला गिऱ्हाईक दोन पैसे कमीच सांगतो, तेही हिशेबात असू द्या.

गाडी बघताना

दिल्लीच्या गाडीचं इंजिन किलोमीटरने नाही, तासांनी झिजलेलं असतं. तासन्‌तास जाममध्ये उभी राहिलेली चाळीस हजार किलोमीटरची गाडी हायवेवरच्या सत्तर हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा दमलेली निघते. क्लच वर लागतोय का ते बघा. बीएस-६ डिझेल असेल तर एक्झॉस्टमधला काजळी गाळणारा फिल्टर, डीपीएफ, नक्की तपासा. तो हायवेवरच्या सलग वेगात स्वतःला जाळून साफ करतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तो साफच होत नाही आणि तुंबतो. बदलायचा खर्च मोठा असतो. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले एरर वाचणारं यंत्र, सोबत न्या. विकणाऱ्याने आदल्या दिवशी एरर पुसले असतील तर स्कॅनर 'मॉनिटर अपूर्ण' असं दाखवतो. तसं दिसलं तर गाडी पन्नास-साठ किलोमीटर चालवून पुन्हा लावा.

मीटर फिरवलंय का, हे मीटर बघून कळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवर सर्व्हिसची नोंद काढायला लावा. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २०२१ ची गाडी, पंचवीस हजार किलोमीटर आणि टायर २०२४ चे, हे गणित जुळत नाही. काचांवरच्या कोडचंही तसंच. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती बाजू कधीतरी ठोकली गेली आहे. पेंट मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या वर गेला की खाली पुट्टी समजा. दारं आणि बंपर रंगवलेले चालतील, छत आणि पिलर नको.

पुराची गाडी ओळखायला हात घाण करावे लागतात. जुलै २०२३ मध्ये यमुनेचं पाणी दिल्लीत शिरलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग सगळे धुतात, पण गुंडाळीतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ तशीच राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड हेही बघा. तिथे हिरवट गंज दिसला तर भाव विचारायचीही गरज नाही.

एसीला नागपूरच्या मे महिन्याच्या नजरेने बघा. दिल्लीत जानेवारीत कोणताही एसी गार लागतो. गाडी उन्हात उभी करून इंजिन चालू ठेवा, वीस मिनिटं एसी चालवा आणि तापमानाचा काटा चढतो का ते बघा. सीएनजी गाडीचा मोह होत असेल तर किट आरसीवर चढलेलं आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का हे विचारा. नागपुरात सीएनजीचे पंप दिल्लीइतके नाहीत, तेव्हा ती बचतही दिल्लीइतकी होत नाही.

एनओसी

पैसे एनओसीच्या, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला तिथल्या आरटीओने दिलेल्या ना-हरकत पत्राच्या, आधी पूर्ण द्यायचे नाहीत. बयाणा म्हणून थोडे द्या, बाकी एनओसी हातात आल्यावर, आणि तेही बँकेतून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

एनओसी विकणाऱ्याने काढायची असते, परिवहनच्या वाहन पोर्टलवर फॉर्म २८ भरून. त्याआधी तीन गोष्टी मोकळ्या हव्यात. कर्जाचा बोजा उतरलेला हवा, त्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. ई-चलन एकही बाकी नको. आणि विकणाऱ्याचा चालू मोबाईल नंबर पोर्टलवर असायला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. हे शेवटचं सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत जास्त रखडवणारं. लॉटवाल्याकडून गाडी घेत असाल तर मूळ मालक भलत्याच गावी असतो आणि ओटीपी त्याच्याकडे. लॉटवाल्याला त्याचं आरटीओचं अधिकारपत्र दाखवायला सांगा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत डीलरांसाठी त्या अधिकारपत्राची, फॉर्म २९-बी ची, व्यवस्था आहे. ते नसेल तर बोलणी मालकाशीच करा.

एनओसीवर कोणत्या आरटीओचं नाव घालायचं, ते तुमच्या आधारवरच्या पत्त्यावरून ठरतं. नागपुरात एमएच-३१ शहर, एमएच-४९ पूर्व आणि एमएच-४० ग्रामीण. पत्ता काटोलचा आणि एनओसी एमएच-३१ च्या नावाने आली, तर दिल्लीला परत जाऊन ती रद्द करून नवी काढावी लागते. विकणाऱ्याला 'नागपूर टाका' असं सांगू नका, कोड लिहून पाठवा.

गाडी चोरीची नाही याचा एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या खात्याचा, दाखला ऑनलाइन निघतो. तो तुम्हीच काढा, गाडी बघायला जाण्याआधी. इंजिन आणि चॅसिस नंबर लागतात, आणि ते आरसीवरून नाही, गाडीवरून वाचलेले असले तर जास्त बरं.

फाईलला लावायचा चॅसिस नंबरचा ठसा घेताना घासाघाशी करू नका. डिझेलात बुडवलेल्या कापडाने माती काढा, कोरडं करा, पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, मग वरून सेलोटेप. गंज काढायला पॉलिश पेपर मारला की अक्षरांच्या कडा जातात, आणि इथला इन्स्पेक्टर नंबर खोडल्याच्या संशयाने फाईल बाजूला ठेवतो. मग फॉरेन्सिक तपासणीचा फेरा लागतो.

निघताना

गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी लेटरवर तारखेसोबत वेळही लिहा, दोघांच्या सह्या घ्या. त्या मिनिटाआधीची चलनं त्याची, नंतरची तुमची. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, ज्याला सगळे टीटी फॉर्म म्हणतात, त्यावर विकणाऱ्याच्या सह्या तिथेच घ्या. नोंदणीच्या कागदांवर जशी सही आहे तशीच. त्याच्या आधार आणि पॅनच्या सही केलेल्या प्रती, मूळ आरसी, एनओसी, इनव्हॉइस, पीयूसी, विमा आणि दोन्ही चाव्या.

विम्यात एक खाच आहे. पॉलिसी विकणाऱ्याच्या नावावर असते. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीसोबत येतं, पण तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर दावा अडकतो. कायदा नाव बदलायला चौदा दिवस देतो. तुम्ही ते दिल्लीतच, निघण्याआधी, कंपनीला अर्ज करून करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागेल. हे जमत नसेल तर गाडी कॅरिअर ट्रकवर, ट्रान्झिट विम्यासह पाठवा.

रस्त्याने येणार असाल तर विकणाऱ्याचा फास्टॅग काढून टाकायला सांगा. तुमचा नवा टॅग नवा नंबर मिळाल्यावरच नीट लागेल, तोवर नाक्यावर यूपीआयने सव्वापट टोल. आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर, लखनादौन, सिवनी असा रस्ता आहे. न ओळखीची गाडी घेऊन रात्रीचं पेंचचं जंगल ओलांडू नका. लखनादौनला मुक्काम करा.

नागपुरात आल्यावर

'बाहेरची गाडी बारा महिने चालते' हे वाक्य तुम्हाला पानटपरीवरही ऐकू येईल. ते बदली होऊन आलेल्या मालकासाठी आहे. विकत घेणाऱ्याला मालकी बदलाचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. छिंदवाड्याचा एमपी-२८ नंबर वर्षानुवर्षं धरमपेठेत फिरवणारे आहेत, पण अपघात झाला की कागदावरचा मालकच जबाबदार धरला जातो आणि तुमचं नाव कुठेच नसतं.

पोर्टलवर नवीन नोंदणी क्रमांक आणि मालकी बदल, दोन्हींचे अर्ज एकत्र करा, फॉर्म २७, २९ आणि ३०. मालकी बदल दिल्लीत करून मग इथे आणायचा खटाटोप करू नका, त्यासाठी दिल्लीचा पत्ता लागतो. टॅक्स भरा, फाईल जमा करा, गाडी तपासणीला न्या. त्या दिवशी गाडी मूळ स्थितीत हवी. जास्तीचे दिवे, बंपरवरचे लोखंडी गार्ड, आरसीवर नसलेला रंग, सगळं आधी काढा किंवा दुरुस्त करा.

नवा नंबर आला की एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा खुणांची नंबर पाटी, नवा फास्टॅग आणि विम्यावर नव्या नंबराची नोंद, या क्रमाने. मग विकणाऱ्याला नव्या आरसीची प्रत पाठवा. उरलेल्या वर्षांचा रोड टॅक्स त्याच्या राज्यात परत मिळत असेल तर तो या आरसीच्या जोरावर मागता येतो, पण पैसे जातात नोंदणीकृत मालकाच्या खात्यात. त्यातला वाटा तुम्हाला हवा असेल तर तो भाव ठरवताना मागायचा आणि विक्रीच्या करारात लिहून घ्यायचा. व्यवहार झाल्यावर मागितला तर कोणी देत नाही.