सायंटिस्टला मेल कसा टाकायचा

पोराला सायन्सचं वेड आहे पण विचारायला घरात कोणी नाही, मग सरळ सायंटिस्टलाच लिहायला लावा. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांकडे मुलं सही मागायला यायची तेव्हा ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. म्हणजे प्रश्न आधी!

आता मेलचं. "मला सायंटिस्ट व्हायचंय, गाइड करा" एवढंच लिहिलं तर समोरचा काय बोलणार, कपाळ? नाव, इयत्ता, मग काय वाचलं किंवा करून पाहिलं आणि नेमकं कुठे अडलं ते लिहा, उदा. चंद्र दिवसासुद्धा दिसतो मग पौर्णिमेला दुपारी का नाही दिसत, असा एकच प्रश्न, सात-आठ ओळींत. चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ नका, लगेच कळतं हो. आयुका, टीआयएफआर, आयसर अशा संशोधन संस्थांच्या साइटवर फॅकल्टीचे मेल आयडी असतात, डायरेक्टरलाच गाठायची गरज नाही, पीएचडी करणारी ताई-दादा मंडळी बऱ्याचदा जास्त वेळ देतात. दोन-तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, नाहीतर दुसऱ्याला लिहा. आणि उत्तर आलं तर थँक्यू म्हणून पुढचा प्रश्न तयार ठेवा.