नवं स्मार्टवॉच घेण्याआधी: अपेक्षेला आकडा लावा, मग तपासा

पुढच्या पिढीच्या स्मार्टवॉचमध्ये काय हवं, असं विचारलं की मागण्या साधारण त्याच येतात. बॅटरी आठवडाभर टिकावी, सुई न टोचता साखर कळावी, मनगटावरच बीपी मोजता यावं, जीपीएसने रस्ता चुकवू नये, फोन न घेता बाहेर पडता यावं. सगळ्याच मागण्या रास्त आहेत. पण त्या सगळ्यांना एकाच चिमुकल्या बॅटरीतून वीज घ्यावी लागते, आणि नव्या मॉडेलच्या जाहिरातीत नेमकी हीच गोष्ट दिसत नाही. म्हणून आधी आपली मागणी आकड्यात मांडायची, मग तो आकडा घड्याळाकडून तपासून घ्यायचा.

बॅटरीचा हिशोब आधी

स्मार्टवॉचची बॅटरी साधारण ३०० ते ६०० एमएएचची असते. ३०० एमएएचची बॅटरी ३.८५ व्होल्टवर धरली, तर तिच्यात जेमतेम १.१५ वॅट-तास ऊर्जा मावते. ती एक दिवस पुरवायची तर घड्याळाने सरासरी ४८ मिलिवॅटच खर्च करायला हवेत. सात दिवस पुरवायची तर सातच्या आत! स्क्रीन, हृदयाचे ठोके मोजणारे दिवे, ब्लूटूथ, प्रोसेसर हे सगळं त्यातच आलं. घड्याळातला एलटीई रेडिओ सिग्नल पाठवताना काहीशे मिलिवॅट सहज ओढतो. त्यामुळे सिमवर रोज तासभर बोलायचं आणि चार्जिंग मात्र आठवड्यातून एकदाच, हे एका छोट्या घड्याळात जमत नाही.

नवं घड्याळ बघण्याआधी हातातल्या घड्याळाचा खर्च मोजा.

१. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवा. फरकाला तासांनी भागा.
२. दिवसा व्यायाम नसलेल्या चार-पाच तासांसाठी हेच करा.
३. जीपीएस चालू ठेवून एक तास चाला किंवा पळा आणि त्या तासाचा खर्च वेगळा लिहा.
४. आता एकच सेटिंग बदला, उदाहरणार्थ स्क्रीन कायम चालू ठेवणारा ऑलवेज-ऑन डिस्प्ले बंद करा, आणि पुन्हा मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

समजा रात्री तासाला १.५ टक्के, दिवसा तासाला ३ टक्के आणि जीपीएसच्या तासाला १० टक्के जातात. आठ तास झोप, एक तास व्यायाम आणि उरलेले पंधरा तास धरले तर १२ + १० + ४५, म्हणजे दिवसाला ६७ टक्के. बॅटरी सुमारे ३६ तास टिकेल. यात सर्वांत मोठा खर्च दिवसाच्या पंधरा तासांचा आहे, व्यायामाचा नाही. जीपीएस सुधारल्याची बातमी वाचून हे आयुष्य फारसं वाढणार नाही, पण स्क्रीन सुधारली तर नक्की वाढेल. सॉफ्टवेअर अपडेटनंतरचे पहिले दोन-तीन दिवस मोजणीत धरू नका. त्या काळात मागे बरीच कामं चालू असतात आणि आकडे फुगतात.

कंपनी ‘अमुक दिवसांपर्यंत’ म्हणते तेव्हा खालची बारीक अक्षरं वाचा. ऑलवेज-ऑन डिस्प्ले चालू होता का, दिवसाला किती मिनिटांचा व्यायाम धरला, रात्री रक्तातला ऑक्सिजन मोजणं चालू होतं का, एवढं बघितलं की दोन घड्याळांची तुलना करता येते.

आमच्या मते ‘आठवडाभर बॅटरी’पेक्षा ‘अर्ध्या तासात दिवसभराचं चार्जिंग’ ही जास्त व्यवहार्य मागणी आहे. झोपेची नोंद हवी असेल तर घड्याळ रात्रभर हातातच राहणार, मग चार्जिंगसाठी अंघोळ आणि तयारी एवढाच वेळ उरतो. घड्याळ १० टक्क्यांवर असताना चार्जिंगला लावा आणि ५० टक्क्यांना किती मिनिटं लागली ते बघा. शेवटचे वीस टक्के नेहमीच हळू भरतात. बॅटरी ठरावीक व्होल्टेजला पोचली की चार्जर करंट कमी करत जातो, तो बिघाड नसतो. आणखी एक हिशोब इथेच करून टाका. अशा बॅटरीची क्षमता साधारण ५०० पूर्ण चार्जिंग-चक्रांनंतर मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज एक चक्र लागलं तर दीड वर्षाच्या आतच ते गाठलं जातं. आठवड्याला एकच लागलं तर नऊ वर्षांहून अधिक काळ जातो, तोवर बॅटरी चक्रांपेक्षा वयानेच थकते.

स्क्रीन

अमोलेड पडद्यावर काळा भाग वीज घेत नाही, म्हणून काळ्या पार्श्वभूमीचा आणि बारीक आकड्यांचा वॉचफेस लावला तर ऑलवेज-ऑन डिस्प्लेचा खर्च लगेच कमी होतो. नव्या घड्याळात ‘एलटीपीओ’ शब्द शोधा. असा पडदा स्थिर चित्र दाखवताना सेकंदाला एकदाच ताजा होतो. उन्हात सतत काम असेल तर परावर्तित प्रकाशावर चालणारा एमआयपी पडदा अजूनही उत्तम. रंग फिके दिसतात, पण ऊन जितकं जास्त तितकं स्पष्ट दिसतं.

नवं तंत्रज्ञान म्हणजे सगळ्याच बाजूंनी प्रगती असं नसतं, हे मायक्रोएलईडी नावाच्या नव्या पडद्यात दिसलं. गार्मिनने २०२५ मध्ये फेनिक्स ८ प्रो याच पडद्यासह आणलं. उजेड ४,५०० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचं माप) गेला, पण त्याच मालिकेतल्या ५१ मिमी अमोलेड घड्याळाला २७ दिवसांचा दावा असताना मायक्रोएलईडीला १० दिवसांचाच आहे. प्रखर उजेड हवा की दिवस हवेत, हे घेणाऱ्यानेच ठरवायचं.

ठोक्यांचा सेन्सर: दाव्यापेक्षा चाचणी महत्त्वाची

घड्याळ मनगटावर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त तो शोषून घेतं आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश थोडा कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. शांत बसलेलं असताना बहुतेक घड्याळं हे नीट करतात, त्यामुळे बसून केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

खरी चाचणी अशी घ्या. छातीला बांधायचा हार्ट-रेट पट्टा मिळवा, त्याच्या आतल्या पट्ट्या ओल्या करून घट्ट बांधा आणि त्याची नोंद फोनवर वेगळ्या ॲपमध्ये सुरू करा. १० मिनिटं हलकं पळा. मग एक मिनिट जोरात, दोन मिनिटं सावकाश, असं सहा वेळा करा. दोन्ही आलेख वेळ जुळवून शेजारी ठेवा आणि दोन दोष शोधा. पहिला उशीर: पट्ट्याचा आलेख चढल्यावर घड्याळाचा किती सेकंदांनी चढतो? दुसरा जास्त फसवा आहे. पट्टा १४० दाखवत असताना घड्याळ १७० च्या आसपास सपाट रेषेत अडकलेलं दिसलं, तर त्याच वेळचा पावलांचा वेग बघा. पळताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात. त्या हिंदकळण्यालाच घड्याळ हृदयाचे ठोके समजत असतं.

असं झालं तर घड्याळ लगेच परत करू नका. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, व्यायामापुरता घड्याळाचा पट्टा एक भोक घट्ट करा, थंडीत हात गरम झाल्यावरच नोंद सुरू करा. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सिग्नल क्षीण होतो. मनगटावर गडद टॅटू असेल तर दुसऱ्या हाताला घाला, शाई प्रकाश अडवते. गडद त्वचेत मेलॅनिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं. पुढच्या घड्याळात प्रकाशाच्या अनेक तरंगलांबी आणि जास्त प्रकाशग्राहक हवेत ही मागणी म्हणूनच महत्त्वाची आहे, कारण सेन्सर सगळ्यांच्या मनगटावर सारखाच चालला पाहिजे. एवढं करूनही इंटरव्हलमध्ये आकडे चुकत असतील तर छातीचा पट्टाच घड्याळाला जोडा. ब्लूटूथची ठरलेली हार्ट-रेट प्रोफाइल असेल तर कुठल्याही कंपनीचा पट्टा चालतो.

बीपी आणि साखर

इथे शब्द नीट वाचावे लागतात, कारण या आकड्यांवर लोक औषधं बदलतात.

बीपीच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. हुवावेच्या वॉच डीमध्ये पट्ट्यात खरोखर हवा भरते आणि दाब मोजला जातो. सॅमसंगची पद्धत प्रकाशाच्या सिग्नलवरून अंदाज बांधते. ती आधी दंडाला बांधायच्या बीपी मशीनशी जुळवून घ्यावी लागते आणि दर २८ दिवसांनी पुन्हा जुळवावी लागते. ॲपलने २०२५ मध्ये आणलेली सोय ३० दिवसांच्या नोंदी बघून उच्च रक्तदाबाची शक्यता असल्यास सूचना देते, १२०/८० असा आकडा देतच नाही. सूचना आली नाही म्हणजे बीपी ठीक आहे असंही नाही.

जुळवणी करायची असेल तर त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम टाळा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. हात टेबलावर, मनगट हृदयाच्या पातळीला हवं. मनगट १० सेंटीमीटर खाली राहिलं तर केवळ त्या उंचीमुळे दाब ७ ते ८ मिमी (पाऱ्याचे) जास्त येतो. जुळवणीच्या वेळी चूक झाली तर पुढचे २८ दिवस तीच चूक आकड्यांत राहते.

साखरेबाबत सरळ सांगायचं तर सुई न टोचता साखर मोजणारं घड्याळ आज घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता की त्वचेला न टोचता स्वतः ग्लुकोज मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. अडचण भौतिकशास्त्राची आहे. ग्लुकोज ज्या अवरक्त प्रकाशात ओळखायचं, तिथे पाणी, चरबी आणि प्रथिनंही प्रकाश शोषतात. त्यात पाणी भरमसाट आणि ग्लुकोज अगदी थोडं. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. दंडावर लावलेल्या सीजीएम (सतत ग्लुकोज मोजणाऱ्या) सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणं ही वेगळी गोष्ट आहे, तीत मोजणारा सेन्सर त्वचेखाली असतो. ही सोय मात्र जरूर मागा, आणि आपलं सीजीएम त्या घड्याळाला जोडता येतं का ते आधी तपासा.

ईसीजीबद्दल एवढंच लक्षात ठेवा की तो ३० सेकंदांचा, एकाच लीडचा असतो. एट्रिअल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) ओळखायला उपयोगी, हार्ट अटॅक ओळखायला नाही. छातीत दुखत असेल तर घड्याळाकडे बघत बसू नका, थेट मदत मागवा.

जीपीएस

‘ड्युअल बँड’ म्हणजे एल १ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) आणि एल ५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) हे दोन्ही सिग्नल घेणं. उंच इमारतींवर आदळून येणारा प्रतिध्वनीसारखा सिग्नल एल ५ मध्ये वेगळा ओळखता येतो, म्हणून शहरात पळणाऱ्यांनी हे मागावंच. मोकळ्या माळावर फरक कमी आणि बॅटरीचा खर्च मात्र तोच.

तपासण्यासाठी ४०० मीटरच्या ट्रॅकवर पहिल्या लेनमध्ये १० फेऱ्या मारा. अंतर ४ किलोमीटर यायला हवं. सुरुवातीला जीपीएस पकडल्याची खूण आल्यावरही मिनिटभर स्थिर उभे राहा. लगेच पळत सुटलं की पहिले शंभर-दोनशे मीटर वेडेवाकडे उमटतात. घड्याळात ‘ट्रॅक रन’ मोड असेल तर तो बंद ठेवा, कारण तो रेषा स्वतःच सरळ करतो. नोंद ‘दर सेकंदाला’ ठेवा. मग उंच इमारतींच्या गल्लीत एकाच फुटपाथवरून जाऊन परत या आणि नकाशा मोठा करून बघा. जातानाची आणि येतानाची रेषा इमारतींच्या आरपार गेली असेल तर दावा काहीही असो, त्या घड्याळाचा अँटेना कमी पडतोय.

पाणी, दुरुस्ती, डेटा

घड्याळ किती पाणी सोसतं हे सांगणारं ‘५ एटीएम’ म्हणजे ५० मीटर खोल बुडी नव्हे. ती स्थिर दाबाची चाचणी आहे. पोहायला पुरते, स्कूबाला नाही. डायव्हिंगसाठी ईएन १३३१९ किंवा आयएसओ ६४२५ चा उल्लेख शोधा. गरम वाफ आणि साबणाने रबरी सील हळूहळू निकामी होतात. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवा.

बॅटरी बदलता येते का, हे विकत घेतानाच विचारा. मागचं झाकण स्क्रूने बसवलेलं असेल तर काम सोपं, नुसतं गोंदाने असेल तर उघडताना पडदा फुटायची भीती आणि बंद केल्यावर पाण्याची खात्री नाही. गुगलने २०२५ च्या पिक्सेल वॉच ४ मध्ये बॅटरी आणि पडदा बदलता येईल अशी रचना केली, म्हणजे ही मागणी अवाजवी नाही हे सिद्ध झालं.

फोनची जोडीही आधी बघा. ॲपल वॉचला आयफोन लागतोच, आणि सॅमसंगची २०२१ पासूनची गॅलक्सी घड्याळं आयफोनशी जुळत नाहीत. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर घड्याळाचं काय होईल, हाही प्रश्न विचारा. पेबल ही स्मार्टवॉच कंपनी २०१६ च्या शेवटी बंद झाली आणि जून २०१८ मध्ये तिच्या सेवा थांबल्या. पुढे ती घड्याळं वापरकर्त्यांच्या समुदायाने उभ्या केलेल्या सेवेमुळे तगली. म्हणून व्यायामाची नोंद एफआयटी किंवा जीपीएक्स फाइलमध्ये बाहेर काढता येते का, हे परत करण्याची मुदत संपायच्या आत स्वतः करून बघा. एक पळण्याची नोंद बाहेर काढा, दुसऱ्या ॲपमध्ये उघडा, त्यात ठोके आणि मार्ग दोन्ही आले का ते पाहा.

जुनं घड्याळ देऊन टाकण्याआधी क्रम चुकवू नका: आधी सगळा डेटा बाहेर काढा, मग फोनमधल्या ॲपमधूनच घड्याळाची जोडी तोडा, ई-सिम असेल तर ते रद्द करा, आणि शेवटी फॅक्टरी रीसेट. नुसतं रीसेट केलं तर काही घड्याळं जुन्या मालकाच्या खात्याला कुलूपबंदच राहतात आणि नव्या माणसाला ती सुरूच करता येत नाहीत.