दोघांच्याच फोटोंसाठी राखलेला दिवस: तयारीची यादी

आपल्याकडच्या लग्नात नवरानवरीचे, फक्त दोघांचे असे फोटो काढायला प्रत्यक्षात किती वेळ मिळतो, हे आधी मोजून पाहावे. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, सकाळी हळद, मग कपडे बदलणे, मुहूर्त बहुधा ऐन दुपारचा, मंगलाष्टकांनंतर अंगावरच्या अक्षता झटकायच्या आतच भेटणाऱ्यांची रांग, आणि ती संपत नाही तोच विहिणीची पंगत खोळंबलेली. या सगळ्यातून फोटोग्राफरच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटे येतात, तीही कार्यालयाच्या पिवळट दिव्यांखाली किंवा डोक्यावरच्या उन्हात, जेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांखाली काळी सावली पडलेली असते. दोघांच्या फोटोंसाठी वेगळा दिवस राखावा तो यासाठी. मात्र तो दिवस लग्नाआधीचा की नंतरचा, हे ठरेपर्यंत पुढची एकही गोष्ट ठरवू नये, कारण कपडे, दागिने, घरच्यांची संमती आणि खर्च हे सगळे त्या एका निर्णयावर अवलंबून असते.

लग्नाआधीचा दिवस निवडण्याची दोन कारणे खरी आहेत. पहिले, फोटो पत्रिकेत किंवा आमंत्रणाच्या चित्रफितीत वापरायचे असतील तर ते लग्नाच्या किमान दोन महिने आधी हातात हवेत. दुसरे, पाहून ठरलेल्या लग्नात दोघांना एकमेकांच्या शेजारी मोकळेपणाने उभे राहण्याचीच सवय नसते, आणि ती एका निवांत सकाळी होऊन गेली की लग्नाच्या दिवशीचे फोटोही सुधारतात. पण या निवडीच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. मंगळसूत्र, मुंडावळ्या आणि हिरवा चुडा यांतले काहीही तोपर्यंत अंगावर येत नाही, आणि बऱ्याच घरांत लग्नाचा शालू विधीपर्यंत कोराच ठेवायचा असतो, त्यामुळे त्याच्यावर डोळा ठेवून बेत आखू नये. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांसाठी ज्यांची तयारी भाद्रपद-आश्विनात चालते, त्यांनी तारीख पक्की करण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांना दिनदर्शिका दाखवावी. कासच्या पठारावरची फुले आणि पितृपक्ष साधारण एकाच सुमारास येतात, आणि आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर आजीने "पंधरवड्यात नको" म्हटले की ती रक्कम आणि आजी, दोघांनाही सांभाळणे कठीण जाते. लग्नाआधी असे फोटो काढणे किंवा ते कार्यालयात मोठ्या पडद्यावर दाखवणे काही घरांना मुळातच पसंत नसते. तसे असेल तर हा विषय होणाऱ्या सासरी फोटोग्राफर ठरवण्याआधी काढावा.

माझे स्वतःचे मत लग्नानंतरच्या दिवसाकडे झुकते. मेंदी लावल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत गडद दिसते आणि पुढच्या आठवड्याभरात विटू लागते, चुडा तोवर अखंड असतो, शालूची घडी मोडलेली असते, दागिने लॉकरमधून बाहेर आलेलेच असतात आणि नव्याने काही विकत किंवा भाड्याने आणावे लागत नाही. लग्नानंतरचे पहिले दोन दिवस मात्र सोडून द्यावेत. पाय सुजलेले असतात, झोप झालेली नसते, हळदीचा पिवळा रंग कानामागे आणि नखांच्या कडांना उरलेला असतो. सत्यनारायण आणि कुलदैवताचे दर्शन उरकल्यावर, म्हणजे साधारण चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान, एक सकाळ किंवा एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. कुलदैवत जेजुरीचे असेल तर दर्शनाच्याच दिवशी त्याच कपड्यांत पुढे फोटो काढण्याचा मोह टाळावा, कारण भंडारा रेशमाच्या घड्यांतून लवकर निघत नाही. परदेशातून तीन आठवड्यांच्या रजेवर येऊन लग्न करणाऱ्यांनी हा दिवस परतीचे तिकीट काढतानाच हिशेबात धरावा, नाहीतर तो व्हिसाची कागदपत्रे आणि नातेवाइकांकडच्या राहिलेल्या जेवणांत निघून जातो.

दिवस ठरला की प्रकाशाची वेळ ठरवावी आणि तिथून घड्याळ उलटे मोजावे. पुण्यात डिसेंबरच्या मध्यावर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. मेच्या मध्यावर तो सहाला उगवून सातनंतर मावळतो. चेहऱ्याला मानवणारा मऊ प्रकाश उगवतीनंतरचा सुमारे तास-सव्वा तास आणि मावळतीपूर्वीचा तेवढाच असतो. नऊवारी नेसवणे, केस बांधणे, दागिने आणि फेटा यांना मिळून अडीच तास सहज लागतात, म्हणजे डिसेंबरात सातला एखाद्या घाटावर उभे राहायचे तर, प्रवास धरून, साडेतीनला उठावे लागते. हे ऐकून बहुतेक जण संध्याकाळ निवडतात. वर्दळीच्या ठिकाणी तरीही पहाटच बरी, कारण मागच्या चौकटीतली भेळेची गाडी आणि सेल्फी काढणारे अनोळखी चेहरे नंतर पुसून काढण्यात फोटोग्राफरचा वेळ आणि आपले पैसे जातात.

समुद्रकिनाऱ्यावर जायचे असेल तर सूर्याइतकेच भरतीकडे लक्ष द्यावे लागते, आणि ही गोष्ट शहरातून जाणारे हमखास विसरतात. माझ्या मामेबहिणीच्या वेळी आम्ही कोकणातल्या एका किनाऱ्यावर दशमीच्या संध्याकाळी पोहोचलो. शहरातून आणलेल्या फोटोग्राफरने सूर्यास्ताची मिनिटे वहीत लिहून आणली होती, पण पाणी चढते आहे हे कोणी पाहिले नव्हते. पहिले दहा फोटो होईस्तोवर ओल्या वाळूचा पट्टा अर्धा झाला, एक लाट पैठणीच्या काठावरून गेली आणि खडकाच्या पायथ्याशी ठेवलेली पिशवी तरंगू लागली. खाऱ्या पाण्याने काठाची जर काळवंडते. तो काठ आजही कपाटात तसाच आहे. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, आणि भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी. म्हणजे पौर्णिमा, अमावास्या किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवशी संध्याकाळी पाणी दूर गेलेले असते आणि मागे राहिलेल्या ओल्या सपाट वाळूत आकाशाचे व दोघांचेही प्रतिबिंब पडते. हा हिशेब ढोबळ आहे, त्यामुळे शेवटची खात्री भरतीच्या तक्त्यावरूनच करावी. अमावास्येला घरातून नकार येणारच; त्यासाठी पौर्णिमा आहे.

जागा एकच निवडावी. एका संध्याकाळी तीन जागा करणाऱ्यांचा निम्मा प्रकाश गाडीत जातो. निवडलेल्या जागेची मालकी कोणाची, हे विचारणे यादीत वरच्या क्रमाला असावे. शनिवारवाडा किंवा आगाखान पॅलेस यांसारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणे वेगळे आणि ट्रायपॉड, दिवे, रिफ्लेक्टर घेऊन जाणे वेगळे. दुसऱ्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. गडांच्या बाबतीत परवानगीपेक्षाही मोठा प्रश्न भावनेचा आहे. रायगड, राजगड, शिवनेरी यांसह बारा किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, आणि तिथे लांब झगा पसरून उभ्या राहिलेल्या जोडप्याला लोक अडवतात, यात नवल नाही. मी तरी गड सुचवत नाही. वाईजवळच्या मेणवलीचा कृष्णेकाठचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा यांची पार्श्वभूमी नऊवारी आणि फेट्याला शोभते. तिथे जाण्याआधी वाड्यातल्या चित्रणाचे शुल्क व वेळ विचारून घ्यावी, आणि घाटावर कपडे धुणाऱ्या किंवा पूजेला आलेल्या बायकांना "जरा बाजूला व्हा" म्हणू नये. कासला ऐन हंगामात प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते आणि फुलांत शिरून बसता येत नाही. गोव्यात पणजीचे फोंतेन्हास रंगीत भिंतींसाठी सर्वांना हवे असते, पण त्या भिंतींच्या आत माणसे राहतात आणि दारासमोर चालणाऱ्या या चित्रणाला ती कंटाळली आहेत. कोणाच्या पायरीवर बसायचे असेल तर दार वाजवून विचारावे. माडांच्या रस्त्यासाठी प्रसिद्ध झालेल्या पर्रा गावच्या पंचायतीने तर २०१९ मध्ये फोटो काढणाऱ्यांवर कर लावला होता, तो वादानंतर मागे घेतला गेला.

ड्रोन हवा असेल तर फोटोग्राफरच्या "होऊन जाईल" यावर विसंबू नये. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते, आणि जागा हिरव्या (मोकळ्या), पिवळ्या (परवानगीच्या) की लाल (मनाईच्या) क्षेत्रात येते, हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहता येते. पुण्यात लोहगावचा हवाई तळ आणि मुंबईत विमानतळ व नौदलाची ठिकाणे असल्याने शहरातला मोठा भाग निर्बंधाखाली येतो. दोघांच्या फोटोंत ड्रोनमुळे फारशी भर पडते असेही मला वाटत नाही. वरून पाहिल्यावर दोन टिंबे दिसतात.

कपड्यांचे दोनच जोड ठेवावेत, आणि त्यांतला जड जोड आधी घालावा, कारण शालूतून साध्या साडीत येणे वीस मिनिटांचे काम आहे आणि उलटे करायला तासभर लागतो. धूपछांव पैठणीचा रंग सावलीत आणि तिरक्या उन्हात वेगवेगळा दिसतो, त्यामुळे फेटा आणि उपरण्याचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळवू नये. साडीचा पदर बाहेर उजेडात नेऊन जुळवावा. शिवलेली नऊवारी सोयीची आहे, पण पायऱ्यांवर बसल्यावर तिच्या निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहतात. शक्य असेल तर नेसवणाऱ्या मावशींना किंवा घरातल्या एखाद्या आत्याला सोबत न्यावे. नाक टोचलेले नसेल तर दाबाची नथ आदल्या दिवशी तासभर घालून पाहावी, कारण ती बहुधा घसरते किंवा नाकपुडी लाल करते.

फोटोग्राफरशी बोलणे तोंडी ठेवू नये. किती तास, किती फोटो सुधारून मिळणार, किती दिवसांत, पाऊस पडला तर तारीख बदलण्याचे पैसे लागणार का, प्रवेशशुल्क आणि प्रवासखर्च कोणाचा, एवढे एका कागदावर किंवा संदेशात लिहून घ्यावे. फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर लावायचे की नाही, आणि लावायचे तर कोणते, हे दोघांनी, विशेषतः मुलीने, आधी सांगावे. नंतर काढायला लावणे अवघड जाते. फोटो पूर्ण आकारात मागावेत. १२ बाय १८ इंचांचा फोटो भिंतीवर लावायचा तर ३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाइल हवी, आणि व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवलेली प्रत त्या कामाची नसते. पेनड्राइव्ह मिळाल्याबरोबर त्याची दुसरी प्रत वेगळ्या घरी, शक्यतो मुलीच्या माहेरी, ठेवावी.

सोबत एकच माणूस असावे: वहिनी, करवली किंवा एखादी मैत्रीण, जिला पदर नीट करायचा आणि मध्ये बोलायचे नाही, हे दोन्ही जमते. आईवडिलांना नेऊ नये. त्यांच्यासमोर दोघेही शाळेच्या फोटोसारखे उभे राहतात. पिशवीत सेफ्टी पिना, सुईदोरा, केसांचे आकडे, पाण्याची बाटली, कोरडा पंचा, चिरमुरे किंवा केळी, जास्तीच्या चार बांगड्या आणि चालायच्या साध्या चपला असाव्यात. मोगऱ्याचा गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावा आणि पहिल्या फोटोच्या पाच मिनिटे आधीच माळावा. काम संपल्यावर अंधार झालेला असतो, सगळ्यांना भूक लागलेली असते आणि दागिने घाईघाईने उतरवले जातात. म्हणून निघताना घरून केलेली दागिन्यांची छोटी यादी सोबतच्या माणसाच्या हाती द्यावी, आणि तन्मणी, बाजूबंद, पाटल्या, शेवटी नथ डबीत पडलेली तिने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी सुरू करू देऊ नये.