मॉरिशसला गेलेले पूर्वज शोधायचेत? आधी नंबर काढा

माझ्या आत्याचं सासर मॉरिशसचं. तिच्या यजमानांचे पणजोबा धोंडू, मुंबईहून जहाजाने गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेले, एवढं घरात सगळ्यांना पाठ. तेवढ्याच माहितीवर आम्ही मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गेलो, तिथे गिरमिटियांची, म्हणजे अशा करारावर गेलेल्या मजुरांची, जुनी रजिस्टरं ठेवलेली आहेत. काउंटरवरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, नंबर काय? नंबर आमच्याकडे नव्हता. धोंडू, वडील रामा, एवढंच सांगता आलं, आणि कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या लोकांत असे धोंडू किती असतील विचार करा. रिकाम्या हाताने परत आलो. निघायच्या आदल्या रात्री आत्याच्या सासूबाईंनी पत्र्याची ट्रंक उघडली आणि त्यांच्या सासऱ्यांच्या लग्नाचा दाखला निघाला, घडीवर विरलेला, आणि त्यात वडिलांच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात सहा आकडी नंबर. तो कागद आम्ही बसलो होतो त्याच खोलीत आठ दिवस पडून होता. दुसऱ्या दिवशी रविवार आणि माझं विमान. तुमचं असं होऊ नये म्हणून तयारी सांगते.

पासपोर्ट, तिकीट, वही, चार्ज केलेला फोन, हे तुम्ही घ्यालच.

पहिलं काम नंबर. १८३४ पासून पुढच्या काळात मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास लोक उतरले आणि उतरलेल्या माणसाला इमिग्रंट नंबर मिळायचा, बाईला वेगळा, बरोबर आलेल्या मुलालाही वेगळा. रजिस्टरं या नंबरावर चालतात, नावावर नाही. नंबर सापडतो तो तिथल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या जुन्या दाखल्यांत, नावाच्या बाजूला. म्हणून स्वतःपासून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा, तुमचा जन्मदाखला, मग आईवडिलांच्या लग्नाचा, मग आजोबांचा, आणि ज्या पिढीला पहिल्यांदा नावापुढे आकडा दिसेल तिथे थांबा. जो तिथेच जन्मला त्याला स्वतःचा नंबर नसतो, त्याच्या आईवडिलांचा असतो, त्यामुळे आजोबांच्या दाखल्यात त्यांच्या नावापुढे काही नाही म्हणून कागद बाजूला टाकू नका, खाली आईवडिलांची नावं आहेत तिथे बघा. ही दाखल्यांची साखळी तशीही लागते, कारण माणूस तुमचाच पूर्वज आहे हे दाखवावं लागतं.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोनवर विचारू नका, समोर बसून पेटी उघडायला लावा. आम्ही सासूबाईंना फोनवर विचारलं होतं. "जुने कागद आहेत का?" तर म्हणे नाहीत. नंबर म्हणून काही असतं हे त्यांना माहीतच नव्हतं, मग त्या शोधणार तरी काय? "लग्नाचा दाखला आहे का, त्यावर आकडा आहे का", असं नेमकं विचारा.

आता नावांचं. ज्याने लिहून घेतलं त्याच्या कानाला मराठी नवीन, बऱ्याचदा कान फ्रेंच, त्यामुळे विठूचं इट्टू होतं, गणूचं गुन्नू होतं. स्पेलिंग वाचू नका, मोठ्याने म्हणून बघा. आडनाव तर शोधूच नका, कारण तिथे पहिल्या माणसाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं, म्हणजे आज जे आडनाव आहे ते बहुतेक तुमच्या खापरपणजोबांचं पाळण्यातलं नाव. वयावर विश्वास ठेवू नका, ते अंदाजाने लिहिलेलं. एखादा माणूस गावी परत येऊन पुन्हा गेला असेल तर त्याला दुसरा नंबर मिळालेला असतो, म्हणजे एकाच माणसाच्या दोन नोंदी, तेव्हा नंबर दोन मिळाले तर गोंधळू नका, दोन्ही लिहून घ्या. पण एक तरी असू द्या.

नंबर दिला की काय मिळतं ते सांगते, म्हणजे मी एवढं का डोकं खातेय ते कळेल. आत्या नंतर तो आकडा घेऊन एकटी गेली आणि मला इथे फोनवर वाचून दाखवत होती. नाव, बापाचं नाव, वय २२, उंची, डाव्या भुवईवर व्रण, जात मऱ्हाटा, जिल्हा रत्नागिरी, गाव, जहाज, कुठल्या साखर इस्टेटीवर पाठवलं ते. भुवईवरचा व्रण वाचताना तिचा आवाज बसला. फोटोचंही विचारा, १८६० च्या दशकापासून गिरमिटियांचे फोटो काढायला लागले होते.

जिल्हा वाचून लगेच आजच्या नकाशावर जाऊ नका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्याआधी मालवण, देवगड, कणकवली सगळं रत्नागिरीतच. सावंतवाडी मात्र संस्थान होतं. रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. एकाच नावाच्या वाड्या चार-चार निघतात, तिथे घरात जपलेलं देवक आणि कुलदैवत कामाला येतं, तेही आधीच विचारून ठेवा, नंबरबरोबरच.

तिकडचं अजून एक, इस्टेटीचं नाव मिळालं की त्या भागातले लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले काढा. पुढे इस्टेटींचे तुकडे विकले गेले आणि बऱ्याच जणांनी थोडी जमीन घेतली, ती खरेदीखतं नोटरीच्या कागदांत असतात. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे हे मजूर उतरायचे, तो बघून या, १६ पायऱ्या आहेत, चढून या.

इकडे गावी आलात की तलाठ्याकडे फेरफार आणि तहसील कार्यालयात कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जुना गाव नमुना १४, मागा. गेलेला माणूस त्यात नसेल, मागे राहिलेल्या भावाचा वंश सापडू शकतो. जुनं मोडीत असेल तर मोडी वाचणारा आधी ठरवा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दप्तर, आहे. गुरवाला विचारा. प्रत्येक कागदाचा फोटो, मागच्या बाजूचाही.

आणि विमानाचं तिकीट काढायच्या आधी नंबर. सापडला नसेल तर तिकीट पुढे ढकला.