ताप गेला, पण शुगर? आजारपणानंतरचा अंदाज कसा घ्यावा

पावसाळ्यात आमच्याकडे डेंग्यू, चिकनगुनिया घरोघरी फिरतो, अधूनमधून कोविडही डोकावतो. ताप उतरला तरी महिनाभर ‘अंगात जीवच नाही’ हे पालुपद चालू राहतं. रात्री चारदा लघवीला उठा, वजन उतरू द्या, सगळं त्या कमजोरीच्या खात्यावर जातं. वाढलेली शुगर तिच्याच आड लपते.

आजारात शरीर कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनालिन ही ताणाची हॉर्मोन्स सोडतं, त्याने शुगर चढते. बहुतेकांची नंतर उतरते, काहींची उतरत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०२२ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, कोविड झालेल्यांना वर्षभरात मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त दिसला.

आधी मधुमेहाच्या धोक्याचे गुण मोजा. भारतीयांसाठी बनवलेली ही पद्धत चेन्नईची. शिवणकामाचा टेप पुरतो. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० च्या पुढे ३०. कंबर पुरुषाची ९० ते ९९ सेंमी किंवा बाईची ८० ते ८९ असेल तर १०, त्याहून जास्त असेल तर २०. आई किंवा वडिलांना शुगर असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०. अंगमेहनत भरपूर असेल तर शून्य, मध्यम १०, थोडीच २०, अजिबात नसेल तर ३०. बेरीज ६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. शेत ठेक्याने दिलेला, ९२ सेंमी कंबरेचा, आईला शुगर असलेला ५२ वर्षांचा माणूस दिवसातून थोडाच चालतो. त्याचे ७० होतात. वावरात राबतो म्हणून शून्य लिहिणाऱ्याने एवढं पाहावं, की आजारपणानंतर तो खरंच वावरात जातोय का.

मग औषधाची चिठ्ठी शोधा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड. सकाळी घेतलेली प्रेडनिसोलोन दुपारनंतर शुगर चढवते. उपाशीपोटीची तपासणी अगदी नॉर्मल येऊ शकते. म्हणून जेवणानंतर दोन तासांनीही तपासा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. ‘सुई’ टोचली होती एवढंच आठवत असेल, तर काय टोचलं ते डॉक्टरला विचारा; त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तारखा कॅलेंडरवर लिहा. ताप उतरल्यावर दोन आठवड्यांनी एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ काठावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची शंका. एकाच आकड्यावर शिक्का मारून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. ग्लुकोमीटर, म्हणजे घरी शुगर मोजायचं मशीन, वापरत असाल तर हात साबणाने धुवा. संत्रं सोलून त्याच बोटाचं रक्त दिलं, तर मशीन संत्र्याचीही साखर मोजतं. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, मे महिन्यात टिनाच्या छपराखाली नको.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात. विदर्भात इथेच मोठी गोम आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारात रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटा कमी येतो. सिकलसेल वाहकाच्या रक्तातही काही मशीन चुकतात. उलट लोह कमी पडून झालेल्या अ‍ॅनिमियात तो खोटा जास्त दिसू शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी भरवसा नाही. घरात सिकलसेल असेल तर लॅबवाल्याला आधी सांगा आणि उपाशीपोटी व जेवणानंतरच्या शुगरवरच विसंबा.

आजाऱ्याला भेटायला येणारे बिस्किटांचे पुडे आणि ग्लुकोजचा डबा घेऊन येतात. माया खरी, पण ताप गेल्यावर तो डबा कपाटातच राहू द्या. उलटी-जुलाब नसतील तर वरण-भाकर, अंडं, भाजी यांनीच ताकद येते.

तहान भागत नाही, वजन उतरतच आहे, दिसायला धूसर झालं, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर तपासा. त्यावर उलट्या, पोटदुखी, खोल जोराचा श्वास किंवा गुंगी आली, तर १०८ ला फोन. तापातून उठलेलं लेकरू अंथरूण ओलं करायला लागलं आणि घटाघटा पाणी प्यायला लागलं, तर ‘जंत झाले असतील’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. वाढलेल्या शुगरने मुलांची तब्येत तासांत बिघडते.