ग्रामसभेचा ठराव: इतिवृत्तात उतरेपर्यंत उठू नका

शिवाराला लागून खडी क्रशर नको असेल किंवा नळयोजनेचा हिशेब हवा असेल, तर आधी ग्रामसभा गाठा, मोर्चाचं नंतर बघू. सातारा-सांगली हा बेचाळीसच्या चळवळीतल्या प्रतिसरकारचा मुलूख. इथं घोषणा द्यायला कुणाला शिकवावं लागत नाही, घोडं अडतं ते कागदावर.

विषय लेखी द्या. अर्जावर पंधरा-वीस सह्या घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून अर्ज निदान पंधरा दिवस आधी पोचवा. नोटिशीत तुमचा विषय स्वतंत्र क्रमांकानं आला पाहिजे. "मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय" यावर विसंबू नका. परवानगी अध्यक्षांच्या हातात असते, आणि तो विषय येईतोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या लागते. 667 च्या पुढं मतदार असतील तर 100 पुरतात. 300 मतदारांच्या वाडीत 45 लागतात, आणि ते जमवणं जड जातं. पाटण-जावळीची माणसं मुंबईला, खानापूर-आटपाडीची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात परराज्यात, पण यादीत नावं सगळ्यांची. गल्लीवार माणूस नेमा आणि त्याला दहा घरं द्या. व्हॉट्सअपवर निरोप टाकून कुणी येत नाही. संध्याकाळी डेअरीला दूध घालायला आलेल्यांना तिथंच गाठा. नियमित सभेआधी महिलांची सभा असते. बचत गटाच्या बायकांनी हाच ठराव तिथं आधी करून घेतला, तर मुख्य सभेत तो टाळणं अवघड होतं.

कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते आणि नवा विषयही घेता येत नाही. ज्यांना ठराव नको असतो ते याचीच वाट बघतात. तहकूब सभेची तारीख तिथल्या तिथं जाहीर करून घ्या आणि त्या दिवशीही तेवढीच माणसं आणा.

आता खरी मेख. सभेत हात वर होतात, टाळ्या पडतात, माणसं घरी जातात. इतिवृत्त भाऊसाहेब, म्हणजे ग्रामपंचायतीचे सचिव, नंतर ऑफिसात बसून लिहितात, आणि त्यात येतं: "सदर विषयावर सविस्तर चर्चा करण्यात आली." या वाक्याची किंमत शून्य आहे. त्यात निर्णय नाही, कुणावर जबाबदारी नाही.

म्हणून ठरावाचा मजकूर घरूनच लिहून न्या, चार-पाच ओळींचा. सूचक कोण, अनुमोदक कोण, जमिनीचा गट नंबर कोणता, मागणी काय, प्रत कुणाकुणाला पाठवायची, किती दिवसांत. उदाहरणार्थ: "गट क्र. अमुक मधील नियोजित खडी क्रशरला ना हरकत दाखला देण्यास ही ग्रामसभा विरोध करीत आहे. ठरावाची प्रत सात दिवसांत तहसीलदार व प्रांताधिकारी यांना पाठवावी. ठराव सर्वानुमते मंजूर." विरोध झाला तर मतं मोजायला लावा आणि दोन्ही आकडे लिहायला लावा.

मजकूर रजिस्टरात तुमच्यासमोर उतरवून मोठ्यानं वाचून घ्या. "नंतर लिहितो, विश्वास ठेवा" असं म्हटलं की माणसांनी बसूनच राहायचं. भाऊसाहेबांशी भांडण नको, घाई मात्र त्यांची असावी, आपली नव्हे. ठरावाखाली आणि सह्यांच्या वर मोकळी जागा राहिली, तर तिथं आडवी रेघ मारायला लावा, नाहीतर त्या चार बोटं जागेत पुढं काहीही बसतं. हजेरीच्या पानावर तारीख आणि सभेचं नाव लिहिलेलं नसेल तर सही करू नका. सुट्या कोऱ्या कागदावर तर मुळीच नको, त्या सह्या कोणत्याही ठरावाला जोडता येतात. शेवटी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्या, पानाचा नंबर दिसेल असा.

दुसऱ्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मुदत 30 दिवस. तेही जमलं नाही तर पहिलं अपील आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार.

ठराव झाला म्हणजे क्रशर थांबला असं नाही. नक्कल घेऊन पाच-सहा जणांनी तहसील कचेरीत स्वतः जायचं आणि तिथूनही पोच घ्यायची. त्या पोचेच्या झेरॉक्स काढून गल्लीगणिक एक ठेवा.