गप्पी माशांच्या टाकीसमोरची दहा मिनिटं

प्राण्यांच्या वर्तनाचं प्रॅक्टिकल म्हणजे मार्कांची खिरापत, असं सीनियर सांगतात. स्लाइड बनवायची नाही, स्टेनिंग नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं. टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, मीही तेच ऐकून बसले आणि माझं जर्नल सही न होता परत आलं.

आमच्या बॅचला गप्पी मासे होते, डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिका पाण्याच्या टाक्यांत सोडते तेच. नर लहान आणि रंगीत, मादी मोठी, फिकी, पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग. नर मादीसमोर येतो, अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवतो आणि थरथरतो. एकदा ओळखता आलं की नजरेतून सुटत नाही. कधी मात्र तो काहीही न दाखवता मागून येऊन थेट मादीला भिडतो. इथोग्राममध्ये, म्हणजे प्राण्याच्या वागण्याच्या प्रकारांच्या यादीत, या दोन्हींच्या नोंदी वेगळ्या हव्यात. 'नर रागावला' असं लिहू नका, 'नर दुसऱ्या नराच्या मागे वेगाने पोहत गेला' असं लिहा. हे वर्गात सगळेच सांगतात, त्यामुळे त्यावर थांबत नाही.

मी अडकले ते भलत्याच ठिकाणी. एक नर निवडायचा आणि दहा मिनिटं, दर 15 सेकंदांनी, त्या क्षणी तो काय करतोय त्याची खूण करायची. एकूण 40 चौकटी. माझा नर, शेपटीवर केशरी ठिपका असलेला, सारखा हायड्रिला या पाणवनस्पतीमागे जायचा. 12 चौकटी कोऱ्या राहिल्या. कोऱ्या चौकटी वाईट दिसतात म्हणून घरी बसून मी त्यांत 'स्थिर' भरलं. सरांनी तक्ता बघितला आणि एवढंच विचारलं, "झाडामागे तो स्थिर होता, हे तुला कुठून दिसलं?" तो प्रश्न आठवला की आजही कान गरम होतात.

यात काय बिघडलं ते आकड्यांत बघा. प्रणयाच्या खुणा 14, खरोखर पाहिलेल्या 'स्थिर'च्या 6, पोहणं-खाण्याच्या 8. म्हणजे मासा दिसला फक्त 28 वेळा. त्यातला निम्मा वेळ प्रणय, स्थिर जेमतेम 21 टक्के. माझ्या भरलेल्या तक्त्यात 'स्थिर' 18 झाले, म्हणजे 45 टक्के, आणि प्रणय 35 वर आला. मादीमागे धावणारा मासा मी कागदावर सुस्त करून टाकला होता! म्हणून 'दिसत नाही' असा रकाना पहिल्या दिवसापासून आखा आणि टक्केवारी काढताना भागाकार दिसलेल्या नोंदींनीच करा. एवढं करूनही एक शंका उरतेच. मादीही त्याच झाडामागे असेल तर? तेव्हा झाडाचा आकार आणि जागासुद्धा जर्नलमध्ये लिहा.

जे ठळक दिसतं तेच जास्त टिपलं जातं, हा धोका प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी 1974 च्या लेखात मांडला आणि एकाच प्राण्यावर ठरावीक वेळ नजर ठेवण्यासारख्या पद्धती नीट समजावल्या. सिलॅबसमध्ये नसला तरी तो लेख वाचाच. बंगळुरूत कीटकांच्या वर्तनाचे अभ्यासक राघवेंद्र गडागकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाश्यांवर रंगाचे ठिपके देऊन एकेकीचा वेळ मोजला, तेव्हा राणी भांडणाऱ्यांत नव्हे, बसून राहणाऱ्यांत निघाली. गप्प बसलेल्या प्राण्याची नोंद ठेवली नसती तर हे कळलंच नसतं.

मोबाइलवर व्हिडिओ काढून घरी बघू, हा विचार पहिल्या दोन प्रॅक्टिकलना तरी डोक्यातून काढा. डोळा तयार झालेला नसेल तर व्हिडिओतही काही दिसत नाही. गेल्या वर्षीच्या जर्नलवरून आकडे उतरवणाऱ्यांविषयी तर मला बोलायचंच नाही.

आणि लॅबमधल्या मामांशी, म्हणजे अटेंडंटशी, बोला. माझ्या मते या प्रॅक्टिकलमध्ये त्यांच्याइतकं कोणी शिकवत नाही. माणूस दिसला की खाणं मिळणार म्हणून मासे काचेशी गोळा होतात, त्यामुळे पहिली पाच मिनिटं लिहायचं नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. पाणी बदललेल्या दिवशीही बसू नका.

पहिल्या दिवशी काहीच जमणार नाही, खुणा चुकतील, घड्याळ बघता बघता मासा हरवेल. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. जोडीदाराला घड्याळ द्या, त्याने दर 15 सेकंदांनी फक्त "हं" म्हणायचं. दुसऱ्या खेपेला मी तसंच केलं. 'दिसत नाही'मध्ये 11 खुणा आल्या आणि त्याच तक्त्यावर सरांनी सही केली.